रोज नुसतं धावून भागत नाही: साताऱ्याच्या घाटासाठी क्रॉस-ट्रेनिंग कसं बसवायचं

साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन, म्हणजे घाटातली २१ किलोमीटरची रेस, करायचीच असं म्हणून दरवर्षी जूनमध्ये कितीतरी लोक कपाटातले बूट बाहेर काढतात आणि जुलै संपायच्या आत त्यातले बरेच जण गुडघ्यावर नाहीतर नडगीवर बर्फ धरून बसलेले असतात. पहिल्या वर्षी मीही त्यातच होते. आठवड्यातले ५ दिवस तोच रस्ता, तोच वेग, तेच ७-८ किलोमीटर, कारण डोक्यात एकच होतं की धावायचंय ना, मग धावायलाच पाहिजे. सहाव्या आठवड्यात उजव्या नडगीच्या आतल्या बाजूनं इतकं दुखायला लागलं की जिना उतरताना कठडा धरावा लागायचा. फिजिओथेरपिस्टकडे गेले, त्यांनी पाय बघायच्या आधीच विचारलं, "धावण्याशिवाय अजून काय व्यायाम करतेस?" काहीच करत नव्हते. ती रेस हुकली, पण त्यानंतर जे शिकले त्यावर पुढची तीन वर्षं न दुखता घाट चढले-उतरले, आणि तेच इथे नीट, पायरी-पायरीनं लिहितेय.

आधी हे समजून घ्या की दुखतं का.

८ किलोमीटर धावताना आपण साधारण ९ हजार पावलं टाकतो. प्रत्येक पावलाला जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या २ ते ३ पट धक्का येतो, म्हणजे ६० किलो वजन असेल तर १२० ते १८० किलोचा धक्का, एकदा डाव्या पायावर, एकदा उजव्या. आणि तो दरवेळी त्याच सांध्यावर, त्याच हाडावर, त्याच कोनातून येतो. आता गंमत अशी की हृदय आणि फुप्फुसं फार पटकन तयार होतात, तीन-चार आठवड्यांतच दम कमी लागायला लागतो, वाटतं आपल्याला जमलं. पण स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या, म्हणजे टेंडन, आणि खुद्द हाडं यांना तयार व्हायला कित्येक महिने लागतात. दम म्हणतो अजून पळ, नडगी म्हणते थांब, आणि आपण दमाचं ऐकतो. बहुतेक दुखणी या मधल्या काळात होतात.

क्रॉस-ट्रेनिंगचा, म्हणजे धावण्याच्या जोडीला वेगळे व्यायाम करण्याचा, खरा फायदा इथे आहे. दम वाढवायचं काम सायकलवर किंवा पाण्यात चालू ठेवायचं, त्या वेळात हाडांना आणि टेंडनना सावरायला सवड द्यायची, आणि ज्या स्नायूंना धावण्यात काम मिळत नाही त्यांना वेगळं काम द्यायचं. धावणं म्हणजे सगळं पुढे-मागे, आडवी हालचाल जवळजवळ नाहीच. त्यामुळे खुब्याच्या बाजूचे स्नायू कच्चे राहतात, ते कच्चे राहिले की प्रत्येक पावलाला कंबर एका बाजूला कलते आणि गुडघा आत वळतो. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचं दुखणं, जे उतारावर हमखास डोकं वर काढतं, ते पुष्कळदा तिथूनच येतं.

हे काही बाहेरून आलेलं नवीन खूळ नाही बरं का. आपल्याकडच्या तालमीत बघा, पैलवान नुसती कुस्ती खेळत नाही. जोर मारतो, बैठका काढतो, मुद्गल फिरवतो, दोरावर चढतो, फावड्यानं आखाड्यातली माती खणतो, पहाटे पळायला जातो आणि मग लढत करतो. १९५२ साली हेलसिंकीला ऑलिंपिकचं ब्राँझ आणणारे खाशाबा जाधव याच सातारा जिल्ह्यातले, कराडजवळच्या गोळेश्वरचे, आणि याच मातीतल्या व्यायामात वाढलेले. सूर्यनमस्कार घरोघरी, शाळाशाळांत पोचवायचं मोठं काम केलं ते औंध संस्थानच्या राजांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, तेही इथलेच. म्हणजे एकाच खेळासाठी शरीर चारी बाजूंनी घडवायचं हे आपल्या लोकांना चांगलं माहीत होतं.

पायरी १: आधी स्वतःला तपासा

दुसऱ्याचा प्लॅन उचलून सुरुवात करू नका. मागच्या दोन आठवड्यांत काय काय केलं ते वहीत लिहून काढा आणि मग घरातच या चार गोष्टी करून बघा, दहा मिनिटं लागतात.

एका पायावर ३० सेकंद उभं राहा, दुसरा पाय जमिनीला टेकता कामा नये. आरशासमोर करा, कंबर एका बाजूला कलतेय का बघा.

जिन्याच्या पायरीवर एका पायानं उभं राहून टाच वर-खाली करा, भिंतीला फक्त बोटं टेकवा. २० ते २५ वेळा न थांबता जमलं पाहिजे. मला पहिल्यांदा डाव्या पायानं १९ आणि दुखऱ्या उजव्यानं ११ जमले होते आणि तिथेच सगळं कळलं.

साध्या खुर्चीवरून हात छातीशी घेऊन एका पायावर उठा आणि हळू परत बसा. शेवटच्या दोन-तीन इंचात धप्पकन खाली पडत असाल तर मांडीला उतारासाठी लागणारी ताकद अजून आलेली नाही.

आणि चौथं, उकिडवं बसा, टाचा पूर्ण टेकवून. आपल्या आज्या तासन्‌तास अशा बसून भाजी निवडायच्या. टाच उचलली जात असेल तर घोटा आखडलाय, आणि आखडलेला घोटा चढावर सगळा भार पोटरीवर टाकतो.

जिथे कमी पडलात तीच तुमची यादी.

(बीपी, शुगर, हृदयाचा काही त्रास असेल किंवा बरीच वर्षं काहीच व्यायाम नसेल तर त्याआधी डॉक्टरांना भेटा, ही पायरी गाळू नका.)

पायरी २: दोनच गोष्टी निवडा

इथे उत्साहाच्या भरात लोक चुकतात. सोमवारी झुंबा, मंगळवारी बॉक्सिंग, बुधवारी योगा, गुरुवारी बॅडमिंटन असं करून महिन्याभरात सोडून देतात, कारण शरीराला कुठल्याच गोष्टीची सवय व्हायला वेळ मिळत नाही आणि अंग कायम आंबलेलं. बदल हवा पण तो कशासाठी हे माहीत हवं. धावणाऱ्यासाठी माझं ठाम मत: एक दम वाढवणारा बिनधक्क्याचा व्यायाम आणि एक ताकदीचा, बस. ताकदीचा तर सक्तीचाच समजा.

दमासाठी सायकल सगळ्यात सोपी. महागडी लागत नाही, गिअरवाली नसली तरी चालते, पण सीटची उंची मात्र नीट हवी. भिंतीला धरून सीटवर बसा, पेडल अगदी खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा, या वेळी गुडघा सरळ व्हायला हवा. मग नेहमीसारखं चवडा पेडलवर ठेवला की गुडघ्याला आपोआप थोडा बाक येतो, तीच बरोबर उंची. आपल्याकडे नव्वद टक्के लोकांची सीट खाली असते असं मला रस्त्यावर बघून वाटतं, "पाय टेकले पाहिजेत" म्हणून खाली ठेवतात आणि मग गुडघ्याची वाटी दुखते. जड गिअरवर दाबत बसू नका, हलक्या गिअरवर पाय मिनिटाला ८०-९० फेऱ्यांनी फिरू द्या, धावतानाच्या लयीच्या ते जवळ जातं. ४५ मिनिटांच्या आरामशीर रनच्या जागी मी ६०-७० मिनिटं सायकल धरते. सायकलवर त्याच मेहनतीला नाडीचे ठोके धावण्यापेक्षा थोडे कमीच दिसतात, त्यामुळे घड्याळातला आकडा जुळवायला जिवाच्या आकांतानं पेडल मारू नका. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही इतपत दम लागला की पुरे.

पोहणं दुखऱ्या पायांसाठी वरदान आहे. पाण्यात वजन जवळजवळ जाणवत नाही, खांदे-पाठ उघडतात, श्वासावर ताबा येतो. पोहता येत असेल पण दम टिकत नसेल तर २५ मीटरची एक लेंग्थ, मग ३० सेकंद थांबा, अशा १०-१२ करा आणि दर आठवड्याला दोन वाढवा. गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखत असेल तर बेडकासारखी किक मारायचा ब्रेस्टस्ट्रोक टाळा, फ्रीस्टाइल करा. आणि पोहता येत नसेल तरी छातीइतक्या पाण्यात जागच्या जागी गुडघे उचलत धावता येतं. माझी नडगी बरी होईपर्यंत दीड महिना मी हेच केलं, ३० मिनिटं, एक मिनिट जोरात आणि एक मिनिट हळू. कंटाळवाणं आहे हे खरं, पण परत रस्त्यावर आले तेव्हा दम जवळपास जागेवर होता, त्या दिवशी मी खरंच रडले होते आनंदानं.

पण सायकल आणि पोहणं हाडं मजबूत करत नाहीत. हाडाला भार लागतो, तो मिळाला तरच ते घट्ट होतं. म्हणून नुसती सायकल चालवणाऱ्यांनी आणि नुसतं पोहणाऱ्यांनी, विशेषतः पाळी थांबायच्या वयाच्या आसपासच्या बायकांनी, वजन उचलण्याचे व्यायाम केलेच पाहिजेत.

पायरी ३: ताकद

आठवड्यातून दोनदा, ३० मिनिटं, घरात. घाटासाठी मी हे करते.

टाच खाली सोडणं. पायरीच्या कडेवर चवडे, दोन्ही पायांनी वर जा, मग एक पाय उचला आणि एकाच पायावर ३-४ सेकंद घेत टाच पायरीच्या खाली सोडा. १५ चे तीन सेट, म्हणजे सलग १५ वेळा, थोडं थांबून परत, असं तीनदा. पहिल्या आठवड्यात पोटऱ्या अशा भरून येतात की दुसऱ्या दिवशी चाल बदलते, म्हणून सुरुवात एकाच सेटनं करा.

पायरी उतरणं. हे उतारासाठी आहे आणि उतार हाच साताऱ्याचा खरा पेपर आहे, चढ नाही. शहरातून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला जायचं आणि त्याच रस्त्यानं परत यायचं, म्हणजे जवळपास अर्धी रेस उतरण. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांब होता होता ब्रेक मारत असतो, आणि अशा कामानंच तो सगळ्यात जास्त दुखावतो. सायकलवर नेमकं हेच काम त्याला मिळत नाही. म्हणून ८ इंची पायरीवर एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाची टाच ३ सेकंद मोजत हळूच जमिनीला लावायची, भार न टाकता, आणि परत वर. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे, आत वळला तर पायरी कमी उंचीची घ्या. १० चे तीन सेट.

कडेवर झोपून वरचा पाय सरळ उचलणं, टाच थोडी मागे ठेवून, १५ चे दोन सेट. खुब्याच्या बाजूचा स्नायू इथे पेटतो.

जोर ८-१०, नाही जमले तर गुडघे टेकवून किंवा ओट्याला हात लावून. आणि ओढायचा एखादा व्यायाम हवाच, कारण जोर काय, सूर्यनमस्कार काय, त्यात ढकलणं आहे पण ओढणं नाही. पूर्वी विहिरीचं पाणी शेंदताना पाठ आपोआप तयार व्हायची. आता एका हातानं टेबल धरून वाका आणि दुसऱ्या हातानं ५ किलो तांदळाची पिशवी कमरेपर्यंत ओढा, दोन्ही बाजूंनी १२-१२.

शेवटी कोपरांवर प्लँक, म्हणजे कोपरं आणि चवडे टेकवून अंग फळीसारखं सरळ धरून ठेवायचं, ३० सेकंद, तीन वेळा.

तीन-चार आठवड्यांनी हे सोपं वाटायला लागलं की आकडा ३०-४० वर नेत बसू नका, वजन वाढवा. पाठीवर सॅक, सॅकमध्ये पाण्याच्या दोन बाटल्या, इतकं साधं.

पायरी ४: आठवडा बसवणं

माझा आठवडा असा असतो, तुमच्या ड्यूटीप्रमाणे दिवस सरकवा. सोमवारी काही नाही, खरंच काही नाही. मंगळवारी सकाळी ६ किलोमीटर आरामात धावणं आणि संध्याकाळी ताकद. बुधवारी सायकल. गुरुवारी चढ: घाटात किंवा जवळच्या कुठल्याही टेकडीवर ६ वेळा दीड-दोन मिनिटं वर धावायचं आणि खाली चालत यायचं. शुक्रवारी ताकदीचा अर्धा सेशन आणि जमलं तर पोहणं. शनिवारी सूर्यनमस्कार १२, तेही सावकाश. रविवारी लाँग रन, म्हणजे आठवड्यातलं सगळ्यात लांबचं धावणं. म्हणजे धावणं फक्त तीन दिवस, आणि तरीसुद्धा आधीच्या ५ दिवसांपेक्षा माझी वेळ सुधारली.

यात दोन गोष्टी जपा. ताकदीचा जड व्यायाम लाँग रनच्या आदल्या दिवशी नको, कारण स्नायूंचं आंबणं २४ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त असतं. आणि एकाच दिवशी धावणं आणि ताकद दोन्ही असेल तर धावणं आधी, मध्ये निदान ६ तास.

दर चौथ्या आठवड्यात सगळंच तिसऱ्या हिश्श्यानं कमी करा. त्या रविवारी मी धावत नाही, मैत्रिणींबरोबर अजिंक्यतारा नाहीतर यवतेश्वर चढून येते. पुण्यातल्या लोकांना सिंहगड आहेच, आतकरवाडीतून पायी वर जायचं. चढ चालण्यात दम धावण्याइतकाच लागतो आणि धक्का मात्र कितीतरी कमी. पावसाळ्यात शेवाळ असतं, चांगली पकड असलेले बूट घाला आणि उतरताना घाई करू नका.

मुंबईकरांना डोंगर जवळ नसेल, पण इमारतीचे जिने आहेत. १० मजले चढायचे, लिफ्टनं खाली यायचं, असं ५ वेळा. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनमधला पेडर रोडचा चढ यानं पुष्कळ हलका होतो.

पायरी ५: वाढवणं आणि ऐकणं

एका आठवड्यात एकच गोष्ट वाढवा. लाँग रन वाढवलात तर त्या आठवड्यात सायकल आणि वजनं आहे तिथेच ठेवा. नवीन व्यायाम सुरू केला तर पहिले दोन आठवडे अर्ध्या ताकदीनं करा, तुमचा दम कितीही असो. २१ किलोमीटर धावणारी माणसं पहिल्याच दिवशी १०० बैठका काढतात आणि चार दिवस खुर्चीतून उठू शकत नाहीत, असं डोळ्यांनी बघितलंय.

सकाळी डोळे उघडल्यावर अंथरुणातच नाडी मोजायची सवय लावा. नेहमीपेक्षा ७-८ ठोके जास्त असतील, झोप नीट झालेली नसेल, तर त्या दिवशी सायकल हळू किंवा सुट्टी.

दुखण्याचं असं. दोन्ही पायांत, स्नायूंच्या मध्यभागी, पसरलेलं आणि हालचालीनं मोकळं होणारं दुखणं हे आंबणं आहे, ते जातं. पण एकाच पायात, सांध्याजवळ किंवा हाडावर, धावताना वाढत जाणारं असेल तर थांबा. नडगीवर बोट फिरवून बघा. वितभर पट्टा दुखत असेल तर बहुधा हाडावरच्या आवरणाची सूज, विश्रांतीनं आणि पोटरीच्या ताकदीनं बरी होते. एकाच बोटाच्या टोकाएवढी जागा दाबल्यावर कळ मारत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो, हाडांच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय एक पाऊलही पळू नका. छातीत दुखणं, चक्कर, नेहमीपेक्षा वेगळाच दम लागणं यावर तर तिथल्या तिथे थांबून लगेच दवाखाना गाठा.

धावत नसाल तर?

तरी हेच लागू आहे. माझ्या आईचं उदाहरण सांगते, वय ६८, गेली १५ वर्षं रोज ४५ मिनिटं चालते, एक दिवस खाडा नाही. पण पूजेला खाली बसली की उठताना देवघराच्या चौकटीला धरायला लागायची. चालण्यानं तिचं हृदय उत्तम ठेवलं, पण जमिनीवरून उठायची ताकद चालण्यातून येत नाही. आम्ही तिचं चालणं आठवड्यातून ४ दिवसांवर आणलं, उरलेल्या दिवशी खुर्चीतून हात न लावता उठ-बस १० चे दोन सेट, भिंतीला हात लावून जोर, आणि ओट्याशी उभं राहून एका पायावर तोल. साधारण चार महिन्यांनी गणपतीच्या आरतीनंतर ती उठली आणि चौकटीकडे हात गेलाच नाही, तिच्या ते लक्षातही आलं नाही, माझ्या आलं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, त्यासोबत निदान २ दिवस ताकदीचे व्यायाम, आणि ६५ च्या पुढे ३ दिवस तोल आणि ताकदीचे मिळून. आपल्याकडे पहिला भाग लोक मनापासून करतात, पुढचे दोन कुणी सांगतच नाही.

जिमवाल्यांनी दोन दिवस दम वाढवणारं काहीतरी घ्या. योगा करणाऱ्यांनी ओढण्याचं आणि वजनाचं. सायकलवाल्यांनी दोरीवरच्या उड्या, दिवसाला २-३ मिनिटांपासून.

रेसच्या आधीचे दोन आठवडे

आता नवीन काही नाही. ताकदीचा शेवटचा जड सेशन रेसच्या १० दिवस आधी, त्यानंतर फक्त सूर्यनमस्कार आणि हलकी टाच वर-खाली. सायकल अर्धा तास, पाय मोकळे करण्यापुरती. शेवटच्या आठवड्यात मंगळवारी ५ किलोमीटर, गुरुवारी २० मिनिटं आणि त्यात चार वेळा २० सेकंद जरा वेगात. शनिवारी बिब, म्हणजे छातीवर लावायचा रेसचा नंबर, आणायला जाल तेव्हा एक्स्पोमध्ये तासन्‌तास उभ्या राहू नका.

आणि रविवारी वरून वळलात की उतारावर मोठमोठ्या ढांगा टाकायचा मोह होईल, सगळेच टाकतात. शरीर घोट्यातून किंचित पुढे, पावलं छोटी आणि झटपट, पाय पुढे फेकून टाचेवर आदळण्यापेक्षा शरीराच्या खाली पडू द्या. शेवटच्या ३ किलोमीटरला शेजारचे लोक मांड्या धरून चालायला लागतात, तिथे पायरीवर मोजलेले ते तीन-तीन सेकंद उपयोगाला येतात.